विजयदुर्ग, जमखंडी आणि एक पिवळी रेषा

शाळांच्या प्रश्नमंजूषेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : हेलियम या मूलद्रव्याचा शोध कोठे लागला? मराठी मुलगा चटकन हात वर करतो आणि सांगतो, विजयदुर्ग किल्ल्यावर. कथा आपणांसही ठाऊक असेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बीण मांडली, झाकलेल्या सूर्याच्या कडेला एक अनोळखी पिवळा प्रकाश पाहिला आणि जगाला हेलियम मिळाला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात. दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो.

वाचकहो, या कथेतला प्रत्येक तुकडा खरा आहे. १८६८ चे ग्रहण खरे आणि त्याची तारीखही खरी. लॉकियर खरे, त्यांना दिसलेली पिवळी रेषा खरी. विजयदुर्गावर लॉकियर आले होते, हेही खरे. खोटा आहे तो फक्त जोड. ज्या दिवशी ही सावली कोकणावरून सरकली त्या दिवशी लॉकियर विजयदुर्गावर नव्हते. ते हिंदुस्थानातच नव्हते. ते लंडनमध्ये होते.

नवलाची गोष्ट तपासायला घेतली की तिची गोडी जाते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. म्हणून मेजवानीत कुणी असे काही सांगितले की आपण मान डोलावतो आणि पुढच्या घरी तेच सांगतो. हेलियमच्या बाबतीत मात्र तपासणाऱ्याचा तोटा होत नाही. खरी हकीगत ऐकीव कथेपेक्षा लांब आहे, तिच्यात माणसे अधिक आहेत आणि तिचा एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या या सीमाभागाच्या अंगणात, पटवर्धनांच्या जमखंडीत घडला आहे. त्या जमखंडीचे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येते. या लेखात ती हकीगत क्रमाने सांगायची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १८३५ मध्ये ओग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवले होते की ताऱ्यांची अंतरे, आकार, गती आपण मोजू शकू, पण ते कोणत्या पदार्थांचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. म्हणणे वाजवी होते. ताऱ्याचा तुकडा कोण आणून देणार? पण या निकालाला पंचवीस वर्षे पुरी होण्याआधीच, १८५९ च्या सुमारास, जर्मनीत हायडेलबर्ग येथे किर्खोफ आणि बुन्सेन या दोघांनी तो फिरवला. त्यांची युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज पाहायला मिळते. गॅसवर ठेवलेली आमटी उतू गेली की निळी ज्योत क्षणात पिवळी होते. ती पिवळी करतो तो मिठातला सोडियम. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देते. तो प्रकाश लोलकातून काढला की रंगाच्या बारीक, सुट्या रेषा दिसतात, आणि त्या रेषा पाहून मूलद्रव्य ओळखता येते. रेषा पाहण्याच्या या यंत्राला आपण वर्णपटदर्शक म्हणू.

सूर्याच्या वर्णपटात अशा रेषा काळ्या दिसतात, कारण सूर्याच्या वरच्या थरातील वायू आपापला रंग शोषून घेतात. फ्राउनहोफर या काचकारागिराने १८१४ च्या सुमारास त्यांचा नकाशा काढून ठळक रेषांना रोमन अक्षरे दिली होती. त्यांतील पिवळ्या भागातली जोडरेषा म्हणजे ‘डी’, आणि ती सोडियमची. सोडियमची ही रेषा इतकी हळवी, की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागापेक्षाही कमी सोडियम ज्योतीत असला तरी ती उमटते, असे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी दाखवले. हवेतल्या धुळीतही सोडियम असतो. परिणाम असा झाला की वर्णपट पाहणाऱ्या प्रत्येकाला पिवळी रेषा दिसली की ती सोडियमची, असे म्हणण्याची सवय लागली. पुढच्या हकीगतीत ही सवय महत्त्वाची आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

आता १८६८ च्या ग्रहणाकडे येऊ. खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेने लालसर ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, हा वाद त्याआधीच्या ग्रहणात मिटत आला होता. त्या सूर्याच्याच ठरल्या होत्या. पण त्या कशाच्या? घन कणांच्या ढगांच्या की तापलेल्या वायूच्या? वर्णपटदर्शक हाती आल्यावरचे हे पहिले लांब ग्रहण होते. त्याची सावली एडनकडून अरबी समुद्र ओलांडून, दख्खन आडवे कापून मछलीपट्टणकडे आणि तेथून सयामकडे जाणार होती. सयामच्या आखातात खग्रास स्थिती पावणेसात मिनिटांच्या वर टिकणार होती, आपल्या भागात पाच मिनिटांहून अधिक. ग्रहणात पाच मिनिटे म्हणजे मोठी चैन. म्हणून युरोपातून पथके निघाली.

या ग्रहणाला ‘सयामच्या राजाचे ग्रहण’ असेही म्हणतात. राजा मोंगकुट स्वतः ज्योतिर्गणिताचा अभ्यासक. त्याने स्वतःच्या गणिताने ग्रहणाची वेळ आणि जागा काढली आणि परदेशी पाहुण्यांना बोलावून वा-को या दलदलीच्या किनाऱ्यावर तळ ठोकला. गणित बरोबर आले. पण तेथून राजा हिवताप घेऊन परतला आणि १ ऑक्टोबर १८६८ रोजी वारला. सूर्य-चंद्राची भेट अचूक सांगणाऱ्या त्या काळाला हिवतापाचे मूळ डासात आहे हे ठाऊक नव्हते. ते कळायला १८९७ साल उजाडावे लागले आणि तो शोध लागला आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांच्या हातून.

दख्खनमध्ये निरीक्षणाची ठाणी कोठे होती पाहा. विजापूरला कॅप्टन हेग. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. निजामाच्या राज्यात वनपर्तीला मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचार्य. त्यांनी आदल्याच वर्षी एक रूपविकारी तारा शोधला होता, आणि त्या काळात असा मान मिळवणारे ते एतद्देशीय. गुंटूरला मेजर टेनंट, तेथेच फ्रान्सचे पिएर जान्सेन. मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन. ही सारी गावे साधारण एका आडव्या पट्ट्यात येतात. विजयदुर्ग आणि जमखंडी तर जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे उत्तरेस साडेसोळा अंशांच्या आसपास आहेत. सावली दोन्हींवरून गेली. पण लंडनच्या रॉयल सोसायटीची यंत्रे उतरली ती जमखंडीला.

जमखंडीला आलेले हे हर्शेल कोण? त्यांचे आजोबा विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये युरेनस ग्रह शोधला आणि १८०० मध्ये डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. वडील सर जॉन हर्शेल मोठे ज्योतिर्विद तर होतेच, शिवाय छायाचित्र पक्के करणारे ‘हायपो’ आणि ‘ब्लूप्रिंट’ची निळी छपाई ही दोन्ही त्यांच्या प्रयोगांतून आली. थोरले बंधू विल्यम जेम्स हर्शेल बंगालात मुलकी अधिकारी होते. त्यांनी १८५८ मध्ये एका कंत्राटदाराकडून कागदावर पंजाचा ठसा घेतला आणि तेथून बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याच्या पद्धतीचा मार्ग सुरू झाला. आज आपण रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवतो, त्यामागे या घराण्याचा असा दूरचा संबंध आहे. जमखंडीचे जॉन हर्शेल लष्करी अभियंते होते आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करत.

ऑगस्ट महिना, म्हणजे दख्खनचे आकाश ढगाळ. जमखंडीला ढग पुनःपुन्हा सूर्यावर येत होते. मधल्या उघडीपीत हर्शेलनी वर्णपटदर्शकाची फट एका ज्वालेवर आणली. अखंड सप्तरंगी पट्टा दिसला असता तर ज्वाला घन कणांची ठरली असती. दिसल्या सुट्या, झगझगीत रेषा : एक लाल, एक नारिंगी, एक निळी. ज्वाला वायूच्या आहेत, हा प्रश्न त्या क्षणी सुटला. लाल आणि निळ्या रेषा हायड्रोजनच्या जागांशी जुळत होत्या. आणि नारिंगी? हर्शेलनी ती ‘डी’शी एकरूप आहे असे नोंदवले, म्हणजेच सोडियमची.

गुंटूरला टेनंटनीही तेच लिहिले. मछलीपट्टणला पॉग्सननी पिवळी रेषा ‘डी’च्या जागी किंवा तिच्याजवळ असल्याचे म्हटले आणि गोष्ट तेवढ्यावर सोडली. अमुक एकानेच ती रेषा पाहिली असे म्हणायला जागाच नाही. त्या सकाळी दख्खनच्या पट्ट्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर हेलियम चमकत होता. पाहिला अनेकांनी, ओळखला कुणीच नाही.

असे का व्हावे? ही माणसे हलगर्जी नव्हती. पाच मिनिटांचा वेळ, त्यात ढग, हातात नवे यंत्र. आणि डोक्यात पक्की बसलेली सवय, की पिवळी रेषा म्हणजे सोडियम. नवी गोष्ट समोर आली की आपण तिच्यासाठी नवा कप्पा करत नाही. हाताशी असलेल्या कप्प्यात ती ठेवून देतो. आमच्या वैद्यकीत हा धडा रोज गिरवावा लागतो. रोगी आपले दुखणे सांगत असतो, आणि डॉक्टरच्या मनात पुस्तकातले चित्र आधीच तयार असते. दोन्ही ‘जवळजवळ’ जुळतात आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच नेमके औषध हुकते. म्हणून जुने गुरू सांगत, रोग्याचे शब्द रोग्याच्याच भाषेत लिहून घ्या, निदान नंतर लिहा. ‘डी’ आणि ‘डी’च्या जवळ यांतले अंतर केसाएवढे होते. त्या केसाएवढ्या अंतरात एक अख्खे मूलद्रव्य दडले होते.

गुंटूरच्या जान्सेन यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. ज्वालेच्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर त्या पाहायला ग्रहण कशाला हवे, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, लख्ख उन्हात त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर धरली आणि ज्वालांच्या रेषा दिसल्या. ज्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि समुद्र ओलांडायचे, ते आता कोणत्याही निरभ्र दिवशी घरबसल्या साध्य होणार होते. गुंटूरचा खरा मान हा आहे. हेलियमचा शोध गुंटूरला लागला असे काही ठिकाणी छापतात, तेही आपल्या विजयदुर्गासारखेच घाईचे विधान आहे.

याच जान्सेनची आणखी एक हकीगत सांगतो, कारण ती ऐकायला बनावट वाटते पण खरी आहे. १८७० च्या डिसेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता आणि जान्सेन शहरात अडकले होते. अल्जीरियात ग्रहण होणार होते. तेव्हा हे गृहस्थ यंत्रे बरोबर घेऊन फुग्याच्या विमानातून वेढ्यावरून उडाले, शत्रूच्या डोक्यावरून पार झाले आणि वेळेवर आफ्रिकेत पोहोचले. ग्रहणाच्या दिवशी आभाळ भरून आले आणि काहीच दिसले नाही.

आता लंडनला जाऊ. नॉर्मन लॉकियर त्या वेळी बत्तीस वर्षांचे, युद्धखात्यात कारकून. विज्ञान हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा दिसाव्यात, ही कल्पना त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती आणि तीही ग्रहणाच्या आधी. पण त्यासाठी हवा तसा वर्णपटदर्शक तयार करून मिळायला कारागिराकडून बराच उशीर झाला. तो हाती आला १६ ऑक्टोबर १८६८ रोजी. २० ऑक्टोबरला लॉकियरनी आपल्या घरच्या दुर्बिणीला तो जोडला आणि ज्वालांच्या रेषा पाहिल्या. योगायोग असा, की जान्सेननी हिंदुस्थानातून पाठवलेले पत्र आणि लॉकियरची टिपणी पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. अकादमीच्या मंडळींनी भांडण न लावता श्रेय दोघांना दिले आणि पुढे फ्रान्समध्ये दोघांचे मुखवटे कोरलेले पदक निघाले.

लॉकियरना वेळेची घाई नव्हती. ग्रहणवाल्यांना पाच मिनिटे मिळाली होती. यांना रोजचा सूर्य होता. त्यांनी पिवळ्या रेषेची जागा शांतपणे मोजली. ती ‘डी’च्या जोडरेषेपैकी कोणतीच नव्हती, तिच्या शेजारी, हिरव्या बाजूला थोडी सरकलेली होती. तिला ‘डी-तीन’ असे नाव पडले. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात त्या जागी काळी रेषाच नव्हती. मग लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर निरनिराळे दाब आणि तापमाने वापरून ती रेषा काढता येते का ते पाहिले. ती आली नाही. तेव्हा ही रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या पदार्थाची असावी, या तर्कापर्यंत ते पोहोचले. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस, त्यावरून हेलियम. १८७१ मध्ये एडिंबरा येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम टॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननी, हे नाव जाहीरपणे सांगितले. नावाच्या शेवटी ‘इयम’ आहे ते सोडियम, कॅल्शियमसारख्या धातूंच्या थाटाचे. पुढे त्याचे सगे निघाले ते निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन. घराण्यातल्या थोरल्याचेच आडनाव वेगळे राहिले.

तर्काला पुरावा मिळायला सत्तावीस वर्षे लागली. तोवर बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना सूर्यात राहणारे आणि पृथ्वीवर नसलेले मूलद्रव्य ही कल्पना पटत नव्हती. दरम्यान अमेरिकेत हिलब्रँड या रसायनज्ञाने युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया करून एक निष्क्रिय वायू बाहेर काढला आणि तो नायट्रोजन असावा असे नोंदवले. पुन्हा तोच हाताशी असलेला कप्पा! १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी ते काम वाचले. ते त्या वेळी अरगॉनच्या शोधात होते. क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून त्यांनी वायू काढला आणि त्याचा वर्णपट पाहिला तर अनपेक्षित पिवळी रेषा. विल्यम क्रुक्स यांनी तिची जागा मोजून दिली : ही तीच, सूर्याची रेषा. त्याच वर्षी स्वीडनमध्ये अप्साला येथे क्लेव्ह आणि लांगले यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवला. खनिजाला क्लेव्हाइट हे नाव याच क्लेव्ह यांच्यावरून पडलेले. सूर्यात प्रथम सापडलेले मूलद्रव्य अखेर दगडात सापडले. दगडात ते का असावे, याचा उलगडा रदरफर्ड यांनी आणखी काही वर्षांनी केला. युरेनियम-थोरियमसारखी मूलद्रव्ये क्षय पावताना जे अल्फा कण बाहेर फेकतात, ते हेलियमचेच गाभे असतात. आज फुग्यात भरलेला हेलियम असा खडकांच्या पोटात कोट्यवधी वर्षे साठत आलेला असतो.

तर मग हेलियम शोधला कुणी आणि कोठे? हर्शेल, टेनंट, पॉग्सन यांनी दख्खनवर रेषा पाहिली. लॉकियरनी लंडनला ती मोजली. फ्रँकलंडबरोबर तिचा अर्थ लावला. रॅमसे यांनी पदार्थ हातात आणून दिला. आम्हा जैनांच्या घरात अनेकान्ताचा पाठ लहानपणीच मिळतो : एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि प्रत्येक पाहणारा आपल्या बाजूचे खरे सांगतो. शोध या शब्दालाही अशा बाजू आहेत. पण अनेकान्ताचा अर्थ कोणतेही विधान खपवून घ्यावे असा होत नाही. पाहणे, मोजणे, ओळखणे यांचे श्रेय वाटता येते. एकच माणूस एकाच दिवशी लंडनला आणि विजयदुर्गाला होता, हे मात्र कोणत्याही नयाने खरे ठरत नाही.

मग साहेबाचे ओटे कुठून आले? त्यासाठी तीस वर्षे पुढे जावे लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण होते आणि या खेपेस सावली कोकणच्या किनाऱ्यावर शिरून सोलापूर, वऱ्हाड, नागपूरवरून उत्तरेकडे चालली होती. त्या ग्रहणासाठी लॉकियर विजयदुर्गाला आले. आदल्या वर्षीच त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली होती, म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने ते पुरेपूर साहेब होते. त्यांच्याबरोबर सहायक फाउलर होते, मुलगा होता, आणि मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी व खलाशी. खलाशांना कामे वाटून दिली होती : कुणी यंत्र सांभाळायचे, कुणी वेळ पुकारायची, कुणी किरीटाचे चित्र काढायचे. जड यंत्रे हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागतातच. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची, पण जानेवारीचे आकाश स्वच्छ होते.

त्याच दिवशी सोलापूरच्या बाजूला जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी तळ दिला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिच्यातील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने किरीटाचा एक अतिशय लांब झोत टिपला आणि त्या छायाचित्राने मोठमोठ्या यंत्रांना मागे टाकले.

लॉकियरसंबंधीचा आणखी एक दुवा या गोंधळात मिसळला असेल. ते हिंदुस्थानात प्रथम आले १८७१ च्या डिसेंबरातील ग्रहणासाठी, आणि तेव्हाही त्यांनी जागा निवडली ती पश्चिम किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याची. तो किल्ला म्हणजे आज केरळात असलेला बेकल. आता सारे तुकडे समोर ठेवा : १८६८ चे ग्रहण आणि पिवळी रेषा, १८७१ चा किनाऱ्यावरचा किल्ला, १८९८ चे विजयदुर्ग आणि ओटे. यांत समान माणूस एकच. तोंडोतोंडी जाताना तारखा गळतात, माणूस आणि जागा उरतात, आणि कथा आपोआप एका दिवसात गोळा होते. यात कुणी लबाडी केलेली नसते. आठवणीला सुटसुटीतपणा आवडतो, इतकेच.

पण सुटसुटीतपणाची किंमत कुणीतरी भरतो. विजयदुर्गाची खोटी तारीख आपण सांगतो तेव्हा त्याची खरी तारीख पुसतो. हेलियम ज्यांनी सूर्यात वाचला, तो पृथ्वीवर सापडल्यानंतर तीनच वर्षांनी तेच लॉकियर, सत्तावीस वर्षांचा वाद जिंकून, आपल्या किल्ल्यावर पुन्हा सूर्याची कडा तपासायला आले होते. ही गोष्ट काय कमी अभिमानाची आहे? आपण जमखंडी पुसतो, जेथे ढगांच्या फटीतून ज्वालांचा प्रश्न सुटला. वनपर्तीचे रघुनाथाचार्य आणि जेऊरचे नायगामवाला पुसले जातात, म्हणजे साहेबांच्या बरोबरीने यंत्रे मांडणारी आपली माणसेच आपण गाळतो. आणि परक्या अभ्यासकाने आपली कथा तपासली, ती चुकलेली निघाली, की आपल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उरत नाही. मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक जपावे लागते. आपल्या इतिहासाचा दाखला आपल्याला शेजाऱ्यापुढे ठेवायचा असतो, आणि तो शेजारी मान डोलावेलच असे नाही.

म्हणून नवलाची कोणतीही गोष्ट कानावर आली की तिला तीन साधे प्रश्न विचारावेत. माणूस त्या दिवशी तेथे होता का? त्याने जे पाहिले ते त्याच वेळी ओळखले का? आणि ते सिद्ध कधी झाले? राजा मोंगकुटचे गणित, जान्सेनचा फुगा, हर्शेल बंधूंचा पंजाचा ठसा या गोष्टी असे प्रश्न विचारूनही उभ्या राहतात. ज्या राहत नाहीत त्यांच्या मागे बहुतेक वेळा दुसरी, अधिक मोठी गोष्ट उभी असते.

माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांच्या पिशवीत हल्ली एमआरआयचे फोटो असतात. त्या यंत्रातील प्रचंड चुंबक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम वापरतात, उणे २६९ अंश सेल्सिअसचा. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये तो प्रथम द्रवरूप केला. कंबरेच्या मणक्याची चकती सरकली आहे की नाही हे सांगणारा तो फोटो, १८६८ च्या त्या सकाळी जमखंडीच्या ढगांआडून क्षणभर चमकलेल्या रेषेचाच दूरचा वारस आहे.

तेव्हा पुढच्या प्रश्नमंजूषेत मुलाने हात वर केला, तर त्याला थोडे लांब उत्तर देऊ द्यावे. हेलियमची रेषा १८६८ मध्ये जमखंडीपासून मछलीपट्टणपर्यंत दिसली, लंडनला वेगळी ओळखली गेली, १८९५ मध्ये दगडातून हाती आली, आणि ती ओळखणारा माणूस १८९८ मध्ये आपल्या विजयदुर्गावर उभा होता. परीक्षकाकडे उत्तरासाठी एकाच शब्दाची जागा असेल, तर प्रश्न बदलायला हवा.